चुना विरघळल्यावर उरतं ते

महाराष्ट्रातल्या घरांत तीन दगड हटकून भेटतात. अंगणात किंवा माजघरात शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा आणि जिन्याला कोटा. फरशीवाला तिन्हींचे भाव वेगळे सांगतो आणि घरमालकाला ते तीन निराळे दगड वाटतात. रसायनाच्या हिशेबानं तिन्ही चुनखडकच. कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू पालथं राहिलं तर तेवढ्या जागेची चकाकी जाते आणि तो फिकट डाग कितीही घासला तरी निघत नाही, कारण आम्लानं तिथला दगडच खाल्लेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर असं होत नाही. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, भीमा खोऱ्याच्या खडकांतली. कडप्पा आंध्रातल्या कर्नूल गटाच्या नार्जी चुनखडकातला. कोटा राजस्थानातल्या विंध्य गटातला. तिन्ही उथळ-खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या बारीक चुन्याच्या चिखलाचे, तिन्ही अतिप्राचीन, आणि तिन्हींत शिंपल्यांचा मागमूस नाही. मग भूवैज्ञानिक त्यांना वेगळे शैलसमूह म्हणतो ते कशाच्या आधारावर?

सहज सुचणारं उत्तर असं की दगड प्रयोगशाळेत द्यावा, त्यात काय काय किती टक्के आहे ते काढावं, आणि आकड्यांवरून नाव ठरवावं. हे उत्तर निम्मंच बरोबर आहे. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात वजनानं ५६ टक्के चुना आणि ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड. हे प्रमाण जगात कुठंही बदलत नाही. एक किलो शुद्ध चुनखडक भट्टीत पुरता भाजला तर ५६० ग्रॅम कळीचा चुना हाती येणार, मग दगड भीमेकाठचा असो की इंग्लंडमधल्या डोव्हरच्या कड्याचा. जो घटक सगळीकडे सारखाच, तो ओळख कशी पटवणार? एका चुनखडकाला दुसऱ्यापासून वेगळं करतं ते त्यातलं चुन्याव्यतिरिक्तचं उरलेलं द्रव्य, चुन्याचे कण एकमेकांना कसे बिलगले आहेत ती घडण, आणि तो थर कुठल्या थरावर नि कुठल्या थराखाली आहे ते ठिकाण. यांतली एकही गोष्ट एकटीनं पुरत नाही. मात्र त्यांतली पहिली, म्हणजे उरलेलं द्रव्य, नेहमी दुर्लक्षित राहते. अशुद्धी म्हणून तिच्याकडे काणाडोळा होतो.

तिची किंमत पहिल्यांदा कळली ती एका बांधकामाच्या अडचणीतून. १७५६ साली जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याकडे एडिस्टोनच्या खडकांवर दीपस्तंभ बांधायचं काम आलं. भरतीच्या लाटा अंगावर घेत, पाण्यातही घट्ट बसेल असा चुना त्याला हवा होता. रोमन काळापासून चालत आलेली समजूत अशी की दगड जितका कठीण तितका त्याचा चुना बळकट. स्मीटननं वेगवेगळ्या गावांचे चुनखडक भाजून पाहिले आणि ही समजूत टिकली नाही. मऊ खडूचा चुना आणि कठीण संगमरवरी दगडाचा चुना, दोन्ही पाण्यात सारखेच निकामी ठरले. वेल्समधल्या ॲबरथॉचा निळसर दगड मात्र पाण्यातही घट्ट झाला. प्लिमथच्या विल्यम कुकवर्दी या रसायनज्ञाकडून त्यानं रीत शिकून घेतली आणि दगडाचे तुकडे नायट्रिक आम्लात विरघळवले. चांगल्या चुन्याच्या दगडांतून तळाशी न विरघळलेली चिकणमाती उरत होती. दगडाचा कठीणपणा निरुपयोगी ठरला होता आणि ज्याला लोक मळ म्हणत होते त्यातच गुण निघाला. स्मीटनची ही रीत आजही चालते. वजन केलेला चुरा सौम्य आम्लात घालायचा, फसफस थांबली की गाळायचा, आणि अविद्राव्य अवशेष सुकवून तोलायचा. खर्च जवळपास नाही आणि माहिती भरपूर.

भरपूर म्हणजे किती, ते सिलिकेच्या उदाहरणावरून कळेल. समजा दोन दगडांच्या अहवालांत सिलिका बारा-बारा टक्के आली. कागदावर ते जुळे भाऊ. आम्लात विरघळवून उरलेला गाळ भिंगाखाली धरला तर एकात वाळूचे गोल झिजलेले कण दिसतील. म्हणजे तो चुना साचत असताना नदी किंवा वारा किनाऱ्याकडून वाळू आणत होता. दुसऱ्यात बोटाला चिकटणारी माती उरेल, म्हणजे पाणी संथ होतं आणि गढूळ गाळ हळूहळू खाली बसत होता. तिसरीही शक्यता आहे: गारगोटीचे कठीण खडे, जे खडक तयार झाल्यानंतर त्यात मुरलेल्या सिलिकायुक्त पाण्यानं घडवलेले असतात. तीन वेगळे इतिहास आणि आकडा एकच. सिमेंटवाल्यालाही या फरकाकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही, उलट त्यालाच तो आधी जाणवतो. मातीच्या रूपातली सिलिका भट्टीत चटकन चुन्याशी संयोग पावते. वाळूच्या रूपातली सिलिका दळायला कठीण आणि भाजायलाही हट्टी.

शहाबादी फरशीचा सगळा व्यापारच या अशुद्धीवर उभा आहे. चुन्याच्या चिखलाचे पातळ थर साचताना मधूनमधून मातीचा जेमतेम कागदाएवढा पदर बसत गेला. खाणीत पहार आणि छिन्नी लावली की दगड त्या पदरावर सुटतो आणि सपाट फरशी निघते. माती नसती तर तो खडक ओबडधोबड फुटला असता. काही फरश्यांवर करवतीच्या दात्यांसारख्या काळपट रेषा दिसतात. वरच्या थरांच्या दाबाखाली त्या जागी चुना विरघळून गेला आणि न विरघळणारी माती तेवढी रेषेत गोळा झाली. स्मीटननं भांड्यात केलेला प्रयोग निसर्गानं दगडाच्या पोटात केला, एवढाच अर्थ. या रेषा किती दाट आणि कुठल्या पातळीवर आहेत हेही त्या थराचं एक लक्षण होतं, ज्याची नोंद टक्केवारीच्या तक्त्यात कधीच येत नाही.

रंग मात्र फसवा. बाजारात तोच सर्वात मोठा आधार मानला जातो, आणि भूविज्ञानात सर्वात कच्चा. एकाच शहाबाद चुनखडकात राखाडी, पिवळसर, गुलाबी छटा मिळतात. कोट्याच्या खाणींतून हिरवट-निळा दगडही निघतो आणि तपकिरीही. लोह कमी ऑक्सिजनच्या अवस्थेत असेल तर हिरवट-निळी झाक येते, गंजल्यासारखं झालं की तांबूस-तपकिरी. सेंद्रिय कार्बन थोडा जरी राहिला तरी दगड काळपट होतो. म्हणजे रंग ठरवणारा पदार्थ अत्यल्प असतो आणि खडक तयार झाल्यावर झिरपणाऱ्या पाण्यानं तो बदलूही शकतो. तेलंगणातल्या तांडूरचा दगड बाजारात वेगळ्या नावानं, वेगळ्या रंगांनी विकला जातो, पण तोही भीमा खोऱ्याच्याच थरांचा. राज्याची सीमा आणि दुकानाची पाटी मधून गेली म्हणून थर तुटत नाही. कठीणपणा आणि घनता यांची गोष्ट थोडी बरी. कॅल्साइटचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ३, घनता २.७१. पोलादी चाकूनं तो सहज ओरखडतो. चाकूच घसरला तर समजावं की गारगोटीशी गाठ आहे. ताज्या तुकड्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ओल्या मातीचा वास आला तर चिकणमाती बरीच आहे. या चाचण्या ओबडधोबड वाटल्या तरी रानात, हातोडा नि बाटली एवढ्या सामानावर, त्यांनीच निम्मं काम होतं.

बाटली अर्थात हायड्रोक्लोरिक आम्लाची, दहाएक टक्क्यांची. कॅल्साइटवर थेंब टाकला की जोरात फसफसतं. डोलोमाइटवर तसं होत नाही. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंचं कार्बोनेट आहे, कठीणपणा साडेतीन ते चार, घनता २.८५च्या आसपास, आणि शुद्ध असेल तर त्यात मॅग्नेशिया जवळपास २२ टक्के. थंड आम्लात तो गप्प बसतो आणि चाकूनं खरवडून पूड केली किंवा आम्ल कोमट केलं की फसफसू लागतो. आल्प्समध्ये आम्लात सुस्तपणे बुडबुडे सोडणारा असा खडक आहे हे फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोमिए यानं १७९१ साली लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी त्या दगडाला त्याचं नाव मिळालं. आता पातळ कापावर ॲलिझरिन नावाच्या रंगाचं आम्लयुक्त द्रावण ओततात. कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट कोरा राहतो, आणि एकाच चकतीत दोन्ही खनिजं कशी गुंतली आहेत ते डोळ्यांना दिसतं.

इथं एक आक्षेप अगदी रास्त आहे. डोलोमाइट आणि कॅल्साइट यांत रसायनाचा एवढा स्वच्छ फरक असेल, तर निदान मॅग्नेशियमच्या आकड्यावर शैलसमूह वेगळे करायला काय हरकत? हरकत अशी की बहुतेक डोलोमाइट मुळात डोलोमाइट म्हणून साचलेला नसतो. आधी चुनखडक साचतो, आणि नंतर मॅग्नेशियमयुक्त पाणी त्यातून फिरून कॅल्शियमची जागा घेतं. हे पाणी थरांच्या सीमा पाळत नाही. ते भेगांतून, सच्छिद्र भागांतून वाट काढतं. त्यामुळं एकच थर एका टोकाला चुनखडक आणि दुसऱ्या टोकाला डोलोमाइट असू शकतो, किंवा डोलोमाइटचा पट्टा तीन-चार थर तिरपा कापत जातो. मॅग्नेशियमवरून नकाशा काढला तर तो पाण्याच्या वाटांचा नकाशा होईल, थरांचा नव्हे. बागलकोट परिसरात कलादगी खोऱ्यातल्या खडकांत डोलोमाइट आणि चुनखडक दोन्ही आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यानं १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा आपला मोठा अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा आजच्यासारखी उपकरणं नव्हती. थर पायी चालत, कुठला कशाखाली जातो ते बघत लावायचे, हाच मार्ग होता. त्या मार्गानं लावलेली कलादगी खडकांची मूळ चौकट पुढच्या सर्वेक्षणांना पायाभूत ठरली, हे मला फार बोलकं वाटतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कारखान्याला खडकाच्या जन्मकुंडलीशी काय देणंघेणं? त्याला चुना किती आणि मॅग्नेशिया किती एवढं कळलं की पुरे. क्ष-किरणांचं यंत्र काही मिनिटांत ते सांगतं. यात तथ्य आहे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण भट्टीत फार तापलेला मॅग्नेशिया पाण्याशी अतिशय सावकाश संयोग पावतो. काँक्रीट घट्ट होऊन महिने-वर्षं लोटल्यावर तो फुगतो आणि तडे पाडतो. हा निर्णय आकड्यानंच घ्यायला हवा. पण आकडा हातातल्या दगडाबद्दल बोलतो, न खणलेल्या दगडाबद्दल नाही. शिवाय खाणीच्या एकाच पायरीवर इकडून तिकडे चुन्याची टक्केवारी चांगलीच वरखाली होते. म्हणून तर सिमेंट कारखाने निरनिराळ्या जागचा दगड मोठ्या ढिगांत थर देऊन मिसळतात आणि मग भट्टीकडे नेतात. एका शैलसमूहाच्या आत एवढा चढउतार आणि दोन शैलसमूहांच्या सरासऱ्या मात्र एकमेकींवर चढलेल्या, अशा स्थितीत आकड्यावरून नाव सांगणं म्हणजे अंदाज. पुढची तीस वर्षं कुठं खणायचं, थर कुठल्या दिशेला कलतो, डोलोमाइटचा पट्टा कुठं आडवा येईल, हे सांगायला थरांचा नकाशाच लागतो.

चंद्रपूर-यवतमाळ भागात हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. गडचांदूर, वणी, घुग्घुस या गावांची नावं सिमेंट आणि कोळशामुळं सर्वांना ठाऊक आहेत. तिथला सिमेंटचा दगड पैनगंगा गटातला, आणि त्यातल्या मुख्य चुनखडकाचं नावच चांदा चुनखडक, चंद्रपूरच्या जुन्या नावावरून. हा अतिप्राचीन, बारीक कणांचा, पातळ आणि बऱ्यापैकी नियमित थरांचा खडक. त्यावर, कोट्यवधी वर्षांच्या खंडानंतर, कोळसा असलेले गोंडवन खडक. त्यावर लॅमेटा, डायनासोरच्या काळातला. आणि सर्वांवर दख्खनचा काळा पाषाण. अडचण अशी की लॅमेटा खडकांतही चुनखडक आहे. लाव्हाखाली विंधनविहीर खणताना पांढुरका चुरा वर आला आणि आम्लात फसफसला, तर तो लॅमेटाही असू शकतो आणि, मधले थर झिजून गेले असतील तिथं, चांदाही. फसफस दोन्हींची सारखी. चुना विरघळवून उरलेलं पाहिलं की फरक पुढं येतो. लॅमेटाच्या अवशेषात वाळूचे विखुरलेले कण आणि लालसर-पांढऱ्या गारगोटीचे तुकडे असतात. मूळ दगड गाठाळ, आतून तडकून पुन्हा चुन्यानं सांधलेला. चांदाच्या बारीक, पट्टेदार घडणीशी त्याचं काही नातं नाही. लॅमेटाचा हा गाठाळ चुना समुद्राचा की जमिनीवरचा यावर भूवैज्ञानिकांत वाद झाला. १९८०च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून त्याचा बराच भाग निमकोरड्या हवामानातल्या मातीत तयार झालेला आहे असं मांडलं गेलं, दख्खनच्या शेतांत नांगराला लागणाऱ्या कंकराच्या जातीचा. टक्केवारीवरून सिमेंटयोग्य वाटणारे दोन दगड, एक समुद्रतळ आणि दुसरा जुन्या काळची जमीन. आणि उलट दिशेनंही चूक झालेली आहे. वर्धा खोऱ्याच्या जुन्या अहवालांत चांदा चुनखडकाला विंध्य म्हटलेलं आढळतं, कारण तो विंध्याच्या चुनखडकासारखा दिसतो. साम्य खरं होतं, नातं नव्हतं. दोन्ही वेगवेगळ्या खोऱ्यांत साचलेले.

जीवाश्म असते तर एवढी खटपट लागली नसती, असंही म्हणता येईल. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारा गाळखडक गोड्या पाण्यातला, हे त्यातल्या गोगलगायींवरून स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सांगता आलं. छिंदवाड्याजवळ झिलमिलीला त्याच प्रकारच्या थरांत समुद्रात तरंगणारे सूक्ष्मजीव सापडल्यावर तिथवर समुद्राची एखादी चिंचोळी फाट आली होती का, हा प्रश्न उभा राहिला. कुठलीही टक्केवारी हा प्रश्न उभा करू शकली नसती. तरीही जीवाश्मांनाही उलटतपासणी लागते. मध्य प्रदेशातल्या बाघच्या लालसर चुनखडकाला जुन्या लोकांनी प्रवाळी म्हटलं. त्यातले जाळीदार तुकडे मुख्यतः ब्रायोझोआ या वेगळ्याच प्राण्याचे निघाले, नाव मात्र तसंच राहिलं. सौराष्ट्राच्या मिलिओलाइटची गोष्ट आणखी मजेदार. मुंबईच्या ब्रिटिशकालीन इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड हाच. तो हलका, सच्छिद्र, करवतीनं कापता येणारा. त्याचे कण सागरी सूक्ष्मजीवांच्या कवचांचे, म्हणून दगड समुद्रात साचला हे उघड दिसत होतं. पण तो किनाऱ्यापासून दूर, टेकड्यांच्या उतारांवरही सापडतो, आणि त्याचे तिरपे थर वाळूच्या टेकाडांची आठवण देतात. जे. डब्ल्यू. इव्हान्स यानं १९०० साली मांडलं की वाऱ्यानं किनाऱ्यावरची चुनखडी वाळू आत उडवून नेली. आज निदान आतल्या भागातल्या मिलिओलाइटबद्दल हेच मत प्रबळ आहे. जीवाश्म कण कुठं जन्मला ते सांगतो. तो शेवटी कुठं विसावला ते थरांच्या रचनेवरून कळतं. तसं पाहिलं तर पोरबंदरचा आणि शहाबादचा चांगला दगड चुन्याच्या टक्केवारीत फार लांब नसतात. एक काही लाख वर्षांतला आणि दुसरा कित्येक कोटी वर्षांचा, हे अंतर सच्छिद्रता आणि घडण यांतूनच आधी जाणवतं.

उरला शेवटचा आणि सर्वात बळकट आक्षेप. आता समस्थानिकं मोजता येतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम-८७ आणि स्ट्राँशियम-८६ यांचं गुणोत्तर एका काळी जगभर एकच असतं, आणि काळाबरोबर ते बदलत जातं. साचणाऱ्या चुन्यात ते गुणोत्तर तसंच अडकतं. म्हणजे शिंपले नसलेल्या चुनखडकालाही रासायनिक कालखूण आहे, आणि केवळ रसायनावरून शैलसमूह वेगळे करता येतील. तत्त्वतः हे बरोबर आहे, आणि माझ्या मांडणीला यानं खरोखर मुरड घालावी लागते. टक्केवारी जे करू शकत नाही ते समस्थानिकं करू शकतात. अट एकच, दगड मूळचा राहिलेला असावा. खडकातल्या मातीत रुबिडियम असतं, त्याचा ऱ्हास होऊन स्ट्राँशियम-८७ वाढत राहतं, आणि चुऱ्याबरोबर माती विरघळली की गुणोत्तर बिघडतं. म्हणून सौम्य ॲसिटिक आम्ल वापरून चुना तेवढा काढून घेतात आणि माती तळाशी राहू देतात. त्याआधी पातळ काप बघून डोलोमाइट झालेला, भेगाळलेला भाग वगळतात. नंतर मँगनीज आणि स्ट्राँशियम यांचं प्रमाण तपासतात, कारण झिरपत्या पाण्यानं बदललेल्या चुन्यात सहसा मँगनीज वाढलेलं आणि स्ट्राँशियम घटलेलं असतं. आदिलाबादजवळ चांदा चुनखडकाच्या थरांमध्येच मँगनीजच्या खनिजाचे थर आहेत. तिथं साचतानाच मँगनीज भरपूर होतं, त्यामुळं त्यांच्या लगतच्या नमुन्यात ते जास्त निघालं म्हणून नमुना बदललेला ठरवायचा की नाही, हे मँगनीजचा आकडा सांगू शकत नाही. नमुना त्या थरांपासून किती फुटांवर घेतला होता ते वहीत लिहिलेलं असावं लागतं.